गुडघ्याच्या दुखापतीमागून आलेल्या आजारांसाठी अपंगत्व पेन्शनचा दावा कसा करावा

गेल्या पावसाळ्यात सातारा तालुक्यातील, लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार आपले कागद घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा कागदांच्या आधी मला दिसल्या त्या त्यांनी उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला. उजव्या चपलेची टाच शाबूत होती आणि डावीची बाहेरच्या कडेने झिजून पातळ झाली होती. नोकरीत दुखावलेला उजवा गुडघा जपत ते कित्येक वर्षे सगळा भार डाव्या पायावर टाकून चालत होते. आता डावा गुडघाही गेला होता आणि कमरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत उतरत होती. पेन्शन मात्र एकट्या उजव्या गुडघ्याची मिळत होती, कारण बाकीचे दुखणे वयाचे आहे असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. पहिल्या महायुद्धात ज्या जिल्ह्यातील आपशिंगे या एकाच गावाचे ४६ जवान कामी आले, त्या जिल्ह्यात असे गुडघे घरोघरी आहेत, म्हणून दाव्याची रीत येथे सविस्तर मांडत आहे.

आपल्याकडे प्रत्येक दावा दोन प्रश्नांभोवती फिरतो: आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला का, किंवा तो सेवेमुळे बळावला का. गुडघ्यामागून आलेल्या आजारासाठी या प्रश्नांना आणखी एक कडी जोडावी लागते. सेवेमुळे गुडघा दुखावला, हे एक; आणि त्या गुडघ्यामुळेच पुढचा आजार झाला, हे दुसरे. बहुतेक अर्जांत पहिली कडी भक्कम असते, दुसरीवर मात्र कागदाचा एक चिटोराही नसतो. त्यामुळे अपंगत्व तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डासमोर दोन सुटे आजार येतात आणि दुसरा वयाच्या खात्यात जमा होतो.

पहिली कडी आधी तपासून घ्यावी. गुडघ्याची दुखापत सेवेमुळे झाल्याचे मान्य झालेले नसेल, तर तिच्या आधाराने दुसरे काहीही उभे राहत नाही. यासाठी निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा अहवाल, दुखापतीचा इंज्युरी रिपोर्ट, झाली असल्यास कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे, म्हणजे लष्करी चौकशीचे निष्कर्ष, लष्करी रुग्णालयातून सुटी मिळतानाचे कागद आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, जवळ असावेत. पी.टी. करताना किंवा पलटणीने आयोजित केलेल्या खेळात झालेली दुखापतही कर्तव्यावरची धरली जाते; ‘मी तर कबड्डी खेळताना पडलो होतो’ म्हणून मागे हटू नये. कागद हरवले असतील, तर सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि महार रेजिमेंटचे सागरला आहे. पत्ता किंवा अर्जाचा मसुदा अडला, तर साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

आता दुसरी कडी, आणि खरी मेहनत येथेच आहे. सगळे आजार गुडघ्याशी सारख्या बळकटीने जोडता येत नाहीत, हे मनाशी स्पष्ट असावे. लिगामेंट तुटलेल्या किंवा गादी फाटलेल्या गुडघ्यात पुढे संधिवात होणे, म्हणजे कूर्चा झिजून हाडावर हाड घासणे, हा सर्वांत सरळ दुवा आहे आणि वैद्यकशास्त्राला तो चांगला परिचित आहे. चाल बिघडल्याने दुसरा गुडघा, खुबा आणि कमरेचे मणके यांच्यावर येणारा ताण हा त्यानंतरचा दुवा. तो पटण्याजोगा आहे, पण लंगडत चालण्याची नोंद जुन्या कागदांत सापडली तरच. वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होणे किंवा मूत्रपिंडावर परिणाम होणे, हेही मांडता येते. मात्र कोणती गोळी, किती दिवस आणि कोणाच्या सल्ल्याने घेतली, हे चिठ्ठ्यांवरून दिसले पाहिजे. गुडघ्यामुळे हालचाल थांबली, वजन वाढले आणि मधुमेह झाला, ही साखळी लांबची आहे. तेवढ्या एकाच आधारावर अर्ज करू नये, असे माझे मत आहे, कारण कमकुवत मागणी शेजारच्या भक्कम मागणीलाही संशयाखाली आणते.

ही कडी अस्थिरोगतज्ज्ञाच्या लेखी मताने जोडायची असते. ‘रुग्णास कंबरदुखी आहे’ एवढे वाक्य काही कामाचे नाही. डॉक्टरांपुढे जुन्या दुखापतीचे कागद ठेवावेत आणि त्यांनी ते पाहिल्याचा उल्लेख मतात करावा, अशी विनंती करावी. मांडीचे स्नायू दोन्ही पायांत किती सेंटिमीटरने कमी-जास्त आहेत, गुडघा किती अंशांत वाकतो, चाल कशी आहे, एक्स-रे किंवा एमआरआय काय दाखवतो, आणि या सगळ्यावरून नवा आजार जुन्या दुखापतीचा परिणाम का वाटतो, हे कारणासहित लिहिलेले असावे. त्या हवालदारांना मी त्या चपला घालूनच तपासणीला जायला सांगितले. डॉक्टरांनी त्या उलट्या करून पाहिल्या आणि झिजेची बाजू अहवालात नोंदवली. सातारा किंवा सांगलीच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवल्याच्या चिठ्ठ्याही तारखेच्या क्रमाने लावाव्यात, कारण दुखणे कधी सुरू झाले हे त्यांतूनच ठरते. मधली काही वर्षे उपचार घेतलेच नसतील, तर तसे अर्जात प्रामाणिकपणे लिहावे. मागाहून तयार केलेला कागद संपूर्ण दावा बुडवतो.

अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे जातो, पण मागणी नेमकी हवी. मान्य झालेला गुडघाच अधिक बिघडला असेल, तर टक्केवारीच्या फेरतपासणीसाठी बोर्ड मागावा. कायमस्वरूपी अपंगत्वाची टक्केवारी २००१ च्या आदेशानंतर आयुष्यभरासाठी धरली जाते, तरी पेन्शनर स्वतः फेरविचार मागू शकतो. निवृत्तीनंतर प्रकट झालेल्या आजारासाठी मात्र वेगळे कलम आहे. सेवेतील परिस्थितीने शरीरात सुरू झालेल्या प्रक्रियेचे हे उशिरा दिसलेले रूप आहे, असे त्यात सिद्ध करावे लागते, आणि त्याला वर्षांची मर्यादाही आहे. म्हणून निदान झाल्यावर चालढकल करू नये. दोन्ही गोष्टी लागू असतील, तर एकाच अर्जात दोन स्वतंत्र परिच्छेद करावेत. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

बोर्डाच्या दिवशी फौजी सवय आड येते. ‘कसे आहात?’ म्हटले की छाती काढून ‘एकदम ठीक, साहेब’ हेच उत्तर तोंडातून निघते आणि तेच लिहिले जाते. किती पायऱ्यांवर थांबावे लागते, खाली बसून जेवता येते का, रात्री कळ किती वेळा उठवते, हे जसे आहे तसे सांगावे, वाढवून नाही आणि दाबूनही नाही.

टक्केवारीबाबत दोन गोष्टी समजून घ्याव्यात. गुडघ्याचे २० आणि कमरेचे २० मिळून ४० होतीलच असे नाही. बोर्ड एकत्रित परिणामाचे मूल्यमापन करतो. दुसरे म्हणजे राउंडिंग. शंभर टक्के अपंगत्वाला पेन्शनसाठी धरलेल्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते आणि कमी टक्केवारीला त्या प्रमाणात. राउंडिंगमध्ये ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५ आणि त्यापुढे १००. चाळीस हजार वेतनावर २० टक्क्यांचे २,४०० रुपये होतात, ५० धरल्यास ६,०००. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये मान्य केले. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवामुक्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत. त्यांनी हे गणित जसेच्या तसे लावू नये.

दावा फेटाळला गेला, तर कारणांसह बोर्डाचा अहवाल मागवून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे, त्यानंतर दुसरे, आणि मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांच्या आधारे सांगितले आहे, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे मानावे आणि आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. उशिरा दाद मागितल्यास थकबाकी साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हे तरसेम सिंग प्रकरणापासून चालत आले आहे. उशिराचे एकेक वर्ष म्हणजे घरातून गेलेली रक्कम. अपिलात भावनिक मजकुरापेक्षा बोर्डाने कोणता कागद पाहिला नाही, हे तारखेसह दाखवावे. निकाल लागेपर्यंत उपचार थांबवू नयेत आणि प्रत्येक तपासणीची चिठ्ठी त्याच फाइलमध्ये लावत जावी, कारण पुढचा बोर्ड सर्वांत वरचा, सर्वांत ताजा कागद आधी वाचतो.