प्रवाळातले मासे मोजायला जाताय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांचं पोहणं विहिरीतच पक्कं झालेलं असतं. त्यामुळे मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणं, शिकताना पाण्याची भीती आड येत नाही. चुका होतात त्या मोजणीत आणि परतीच्या वाटेवर.

परतीचंच आधी. दुपारी शेवटचा डाइव्ह, संध्याकाळी आंबोली घाट, रात्री घरी जेवण, असा बेत आखू नका. खोल पाण्यातल्या दाबानं नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावरही कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर. तिथं हवेचा दाब कमी, म्हणून उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. ‘विमानात कुठं बसतोय, वडापनं तर चाललोय’ हे शरीराला कळत नाही. डाइव्हनंतर विमानात बसण्याचा जो नियम, तोच धरा: एका डाइव्हनंतर किमान 12 तास, लागोपाठ अनेक केले असतील तर 18 तास खालीच थांबा. घाट चढल्यावर सांधे ठणकले, हातापायांना मुंग्या आल्या तर बाम चोळत बसू नका. ऑक्सिजन लागतो. डॉक्टरांना डाइव्ह केल्याचं पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर प्रवासाचा शीण म्हणून गोळी हातात पडेल.

आता मोजणी. मास्कच्या सपाट काचेतून मासा साधारण एक-तृतीयांश मोठा दिसतो. 30 सेंमीचा गोब्रा 40 चा लिहिला की संपलं. लांबीवरूनच माशाचं वजन काढतात आणि ते साधारण लांबीच्या घनात वाढतं, म्हणजे हिशेबात ते दुपटीच्याही वर जातं. यावर उपाय स्वस्त आहे. पीव्हीसी पाइपचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे पोहण्याच्या तलावात दोरीला टांगा, लांबून अंदाज लिहा, मग पट्टीनं ताडून बघा. हात बसेपर्यंत समुद्रातल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका.

मोजणी तळाशी अंथरलेल्या टेपच्या कडेनं, ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्यात करतात. पण 50 मीटरची टेप आधी अंथरून मग मोजायला येऊ नका, तोवर बुजरे मासे पसार झालेले असतात. पुढचा मोजत जातो, मागचा जोडीदार टेप सोडतो. कपारीतले छोटे मासे परतताना. मालवणला पाणी गढूळ असलं तर 5 मीटर रुंदीचा पट्टा नुसता कागदावरच राहतो. दिसतं तेवढाच धरा, पण मग सगळ्या पट्ट्यांना तीच रुंदी ठेवा.

खोलात लाल रंग विरतो, तांबोशीही करडी दिसते. टॉर्च मारा, नाहीतर पर आणि पट्टे बघा. तरीही ओळख पटली नाही तर अंदाजानं प्रजाती ठोकू नका, पाटीवर पेन्सिलनं नुसतं कुळ लिहा.