दुकानातला यूपीएस दगा द्यायला लागला तर: बॅटरी बदलायची की अख्खी पेटी?

लाईट जाते, यूपीएस एकदाच 'टीं' करतो आणि कॉम्प्युटर धाडकन बंद. समोर गिऱ्हाईक, बिल अर्धवट, आणि लाईट आल्यावर बिलिंगची फाईल उघडेल की नाही ही धाकधूक. मग मालकांचा फोन येतो, "दादा, येताना नवीन यूपीएसच घेऊन या." मी आधी एकच विचारतो: घेऊन किती वर्षं झाली? उत्तर बहुतेक वेळा 'दोन-तीन' असं येतं. म्हणजे पेटी धडधाकट असते, फक्त आतली बॅटरी संपलेली असते. साधारण हजार रुपयांत होणाऱ्या कामासाठी लोक अडीच-तीन हजार घालवतात.

छोट्या दुकानात असतो तो बहुधा 600 व्हीएचा यूपीएस (व्हीए म्हणजे पेटी किती भार पेलते त्याचं माप). आत 12 व्होल्ट 7 एएचची (एएच म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप), दोन-सव्वादोन किलोची एक सीलबंद बॅटरी असते. 1000 व्हीएच्या पेटीत बहुतेक अशाच दोन असतात. ही बॅटरी 25 अंश तापमानाच्या हिशेबाने बनवलेली असते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. आता आपल्याकडे यूपीएस कुठे ठेवतात आठवा: काउंटरखाली, पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यामागे, वर पोत्याचा तुकडा. एप्रिल-मे महिन्यात तिथे हात घालून बघा.

आधी रोग ओळखा

चाचणीसाठी चालू कॉम्प्युटर वापरू नका. जुना, तारेचा, 100 वॅटचा पिवळा बल्ब आणि एक होल्डर-पिन एवढं पुरे. एलईडी बल्ब चालणार नाही, त्याने यूपीएसवर लोडच येत नाही. यूपीएस रात्रभर चार्ज होऊ द्या. सकाळी कॉम्प्युटर नीट बंद करून त्याची पिन काढा, बल्ब जोडा आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा. प्लग ओढायचा नाही, कारण बटण बंद केलं तरी अर्थिंग जोडलेलं राहतं. आता घड्याळ लावा. चांगली बॅटरी बल्ब पंधरा-वीस मिनिटं सहज पेटता ठेवते. पाच मिनिटांच्या आत अंधार झाला तर बॅटरी म्हातारी झाली. बटण दाबताक्षणी बल्ब गेला तर बॅटरी मेली आहे किंवा तिची क्लिप निसटली आहे.

लाईट असतानाही यूपीएस सुरूच होत नसेल तर बॅटरीला लगेच दोष देऊ नका. मागच्या बाजूला छोटा गोल फ्यूज असतो, तो बघा. लाईट स्थिर असताना आतून सारखं 'टक् टक्' ऐकू येत असेल, जळका वास येत असेल, किंवा जेमतेम वर्षाची बॅटरी फुगली असेल तर मात्र गडबड पेटीत आहे. चार्जर जास्त दाब देत असला की बॅटरी फुगते. तिथे नवी घातली तरी तीही फुगणार, तेव्हा यूपीएसच बदला. पाच-सहा वर्षं जुन्या पेटीत तिसरी बॅटरी घालायला मी कुणालाच सांगत नाही.

'टक् टक्'ला एक अपवाद आहे. दुकानात इन्व्हर्टर असेल आणि आवाज फक्त इन्व्हर्टर चालू असताना येत असेल, तर साध्या इन्व्हर्टरचा चौकोनी लहरीचा करंट यूपीएसला पचत नाही एवढंच. अशा वेळी यूपीएसवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या लाईटसारखाच करंट देणाऱ्या इन्व्हर्टरचा विचार करा.

बॅटरी आणताना

जुन्या बॅटरीवरचे आकडे लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढलात तर उत्तम. व्होल्ट तेच हवेत, एएच तेवढेच हवेत आणि बाहेरचा आकारही तोच, नाहीतर खाचेत बसत नाही. टर्मिनलच्या पट्टीची रुंदी बघायला लोक हमखास विसरतात. ती 4.8 किंवा 6.3 मिलिमीटरची असते. रुंद पट्टीची क्लिप अरुंद पट्टीवर सैल बसते, आणि सैल जोड तापतो. 1000 व्हीएच्या पेटीत दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकदम बदला. एक नवी, एक जुनी अशी जोडी लावली की जुनी नवीलाही ओढत खाली नेते.

दुकानदाराला बॅटरीवरची तारीख दाखवायला सांगा. सहा-आठ महिने फळीवर पडून राहिलेली बॅटरी चार्ज न होता आतून खराब होत जाते. मीटर लावला तर 12.6 दाखवते, लोड दिला की 9 वर येते. 12.8 च्या आसपास दाखवणारी ताजी बॅटरी घ्या. जुनी परत दिली की थोडे पैसे कमी होतात, तेही आधीच ठरवून घ्या.

बदलताना

कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर, सगळ्यांच्या पिना काढा. यूपीएसचं पुढचं बटण बंद करा आणि मग भिंतीतला प्लग काढा. नुसतं पुढचं बटण बंद करून भागत नाही, कारण प्लग लावलेला असेपर्यंत आत चार्जर जिवंत असतो. प्लग काढल्यावर दहा मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, झटका शिल्लक असतो. हातातली अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. बॅटरी 12 व्होल्टची आहे, तिचा झटका बसत नाही. पण अंगठी दोन्ही टर्मिनलना एकदम टेकली तर क्षणात लाल होईल एवढा करंट ती देते.

काही यूपीएसना तळाशी बॅटरीचं झाकण असतं, तिथे काम सोपं. बाकीच्यांचे चार स्क्रू काढून वरचं कव्हर उघडावं लागतं. आतल्या ट्रान्सफॉर्मरला आणि सर्किटला हात लावू नका. उघडायची भीती वाटत असेल तर इथेच थांबा आणि वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

आधी काळी वायर काढा, मग लाल. वायर धरून ओढू नका, क्लिप पकडीने धरून हलवत हलवत काढा. फुगलेली बॅटरी खाचेत घट्ट अडकते. मी एकदा एका मेडिकल दुकानात अशीच बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलो आणि तिचं प्लास्टिक चिरलं. आतला ओलसर पांढरट थर बोटाला लागला. बोट चुरचुरायला लागलं तसा बेसिनकडे धावलो आणि बराच वेळ पाण्याखाली धरून उभा राहिलो. तेव्हापासून फुगलेल्या बॅटरीला मी हत्यार लावत नाही. चष्मा आणि हातमोजे घालतो, पेटीचे बाजूचे स्क्रू सैल करून पत्रा थोडा फाकवतो, मग ती आपोआप सुटते.

नवी ठेवताना लाल वायर लाल खुणेवर आणि काळी काळ्यावर. आधी लाल, मग काळी. शेवटची क्लिप टेकताना 'चट्' अशी लहानशी ठिणगी उडते. तिला घाबरू नका, कपॅसिटर भरतोय. उलटं जोडलंत तर मात्र सर्किट तिथल्या तिथे जातं. क्लिप हलक्या हाताने ओढून बघा, हलत असेल तर पकडीने किंचित दाबून घट्ट करा.

कव्हर लावा, प्लग लावा आणि लोड न देता आठ तास चार्ज होऊ द्या. मग पुन्हा तोच बल्ब आणि तेच घड्याळ. आलेली मिनिटं कागदावर लिहून ठेवा, पुढे तुलनेला लागतात.

नवी पेटीच घ्यायची असेल तर

600 व्हीएच्या पेटीवर प्रत्यक्षात 360 वॅटच चालतात. बिलिंगचा साधा कॉम्प्युटर शंभर वॅटच्या आत, मॉनिटर वीस-पंचवीस, राउटर दहा, एवढ्याला ती पुरून उरते. डीटीपीचं (छपाईची पानं जुळवायचं) किंवा ग्राफिक कार्ड असलेलं मशीन असेल तर 1000 व्हीए घ्या. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीच नको. कागद तापवायला तो क्षणभर एवढा करंट खेचतो की पेटी ओरडून बंद पडते. त्याची पिन सरळ भिंतीत.

पिन लावण्याआधी वायरमनकडून बोर्डातली अर्थिंग तपासून घ्या. जुन्या बाजारपेठेतल्या गाळ्यांमध्ये तिसरं भोक अनेकदा शोभेचंच असतं.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, भंगारात फोडायलाही देऊ नका. आत शिसं आणि आम्ल असतं. टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ती नवी घेतलेल्या दुकानातच परत द्या. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि तिथवरची वाट दुकानदारापासूनच सुरू होते.

आता मार्करने पेटीवर बॅटरीची तारीख लिहा. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी लाईट जाते हे सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा बल्बची चाचणी बुधवारी संध्याकाळी दुकान आवरताना करा. रात्रभरात बॅटरी पुन्हा भरलेली असेल.