युरोपातील संयुक्त कृषी-संशोधन प्रकल्प: नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभवाचे बोल

कृषी, अन्नतंत्रज्ञान किंवा कृषी-अर्थशास्त्र या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेऊन युरोपात संशोधनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात साधारणपणे एक मार्गदर्शक, एक प्रयोगशाळा आणि स्वतःचा असा एक विषय एवढेच चित्र असते, कारण आपल्या कृषी विद्यापीठांत आपण तसेच शिकलेलो असतो. प्रत्यक्षात शाश्वत शेती आणि अन्नपुरवठा साखळी या क्षेत्रांतील बरीचशी पदे मोठ्या संयुक्त प्रकल्पांतून निर्माण होतात. दहा-बारा देशांतील वीस-तीस संस्थांनी एकाच करारावर सह्या केलेल्या असतात आणि त्या करारात तुमच्या कामाचे शीर्षक, मुदत आणि अपेक्षित फलित तुमच्या नेमणुकीपूर्वीच लिहिलेले असते. नेदरलँड्समध्ये अशा प्रकल्पांत आधी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आणि नंतर संशोधक म्हणून काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की हा करार ज्याला नीट वाचता येतो, त्यालाच त्याच्या आत स्वतःचे विज्ञान करण्याची मोकळीक मिळते. आणि ज्याला शेतकऱ्याबरोबर व धान्य गोळा करणाऱ्या संस्थेबरोबर बसून प्रश्न ठरवता येतो, त्याचे काम अहवालाच्या पलीकडे पोहोचते.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्यावे. युरोपीय संघाचा सध्याचा संशोधन कार्यक्रम म्हणजे ‘होरायझन युरोप’. त्याचा काळ २०२१ ते २०२७ असा आहे आणि आरंभी त्यासाठी ९५.५ अब्ज युरोंची तरतूद जाहीर झाली होती. त्याआधीचा ‘होरायझन २०२०’ हा कार्यक्रम २०१४ ते २०२० या काळात चालला. शेती, अन्न, जैवअर्थव्यवस्था, नैसर्गिक साधनसंपत्ती आणि पर्यावरण हे सारे ‘क्लस्टर ६’ या विभागात येते आणि त्याच्या वाट्याला सुमारे ९ अब्ज युरो आले. नियमाप्रमाणे तीन वेगवेगळ्या सदस्य किंवा संलग्न (म्हणजे करार करून कार्यक्रमाशी जोडलेल्या) देशांतील तीन स्वतंत्र संस्था एकत्र आल्या, आणि त्यांपैकी किमान एक सदस्य देशातील असली, की प्रस्ताव देता येतो. शेतीविषयक प्रकल्पांत मात्र ही संख्या त्याच्या कितीतरी पट असते. प्रस्तावाची तपासणी वैज्ञानिक गुणवत्ता, परिणाम आणि अंमलबजावणी या तीन निकषांवर होते, प्रत्येकाला ५ गुण असतात, आणि पात्र ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे प्रत्येकात किमान ३ व एकूण १५ पैकी १० गुण लागतात. पात्र ठरणे आणि निधी मिळणे यांत पुष्कळ अंतर आहे, हे प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

ज्या आवाहनाला उत्तर म्हणून प्रस्ताव लिहिला जातो, त्याला सगळे ‘कॉल’ म्हणतात. कॉलचा मजकूर फार काळजीपूर्वक वाचावा, कारण त्यात विज्ञानापेक्षा धोरण अधिक बोलत असते. युरोपीय आयोगाने मे २०२० मध्ये ‘फार्म टू फोर्क’, म्हणजे शेतापासून ताटापर्यंतचे, धोरण मांडले आणि २०३० पर्यंत रासायनिक कीडनाशकांचा वापर व धोका ५० टक्क्यांनी घटवणे, खतांचा वापर किमान २० टक्क्यांनी कमी करणे आणि २५ टक्के शेतजमीन सेंद्रिय शेतीखाली आणणे अशी उद्दिष्टे ठेवली. त्यानंतरच्या कॉलमध्ये या आकड्यांची छाया सर्वत्र दिसू लागली. पुढे कीडनाशकांच्या वापरावरील प्रस्तावित नियमन नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संसदेने फेटाळले, २०२४ च्या आरंभी अनेक देशांत शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले आणि आयोगाने तो प्रस्ताव मागे घेतला. मात्र त्या उद्दिष्टांच्या आधारे मंजूर झालेले प्रकल्प चालूच राहिले. अशा प्रकल्पात दाखल होणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घ्यावा. नाहीतर पहिल्याच बैठकीत शेतकरी प्रतिनिधी इतके सावध का बोलतात, हे कळत नाही.

आता या प्रकल्पांच्या ज्या वैशिष्ट्यामुळे मला हे क्षेत्र मनापासून आवडले, त्याविषयी. २०१२ मध्ये युरोपीय संघाने शेतीतील उत्पादकता आणि शाश्वतता यांसाठी ‘ईआयपी-अ‍ॅग्री’ नावाची भागीदारी सुरू केली आणि त्यातून ‘मल्टि-अ‍ॅक्टर’ पद्धत पुढे आली. क्लस्टर ६ मधील अनेक कॉलसाठी ही पद्धत सक्तीची असते. शेतकरी, सल्लागार, प्रक्रिया करणारे, व्यापारी आणि संशोधक यांनी प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष वापरण्यापर्यंत बरोबरीने काम करावे, असा तिचा आग्रह आहे. प्रश्नावली भरून घेण्यापुरते शेतकऱ्याला गाठणे या पद्धतीत बसत नाही. प्रकल्पातून शेतकऱ्याला थेट उपयोगी पडतील अशी अर्ध्या पानाच्या आतली टिपणे, म्हणजे ‘प्रॅक्टिस अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’, ठरलेल्या नमुन्यात द्यावी लागतात. माझ्या मते मल्टि-अ‍ॅक्टर प्रकल्पाची खरी कसोटी अंदाजपत्रकात असते. शेतकरी संघटनेच्या नावापुढे किती रक्कम आहे, आणि शेतकऱ्याच्या बैठकीतल्या दिवसाचे पैसे त्याला मिळतात की नाही, हे आधी पाहावे. संशोधकाला त्याच बैठकीचा पगार मिळत असताना शेतकऱ्याला केवळ चहा आणि प्रवासखर्च मिळत असेल, तर तिथे बरोबरी नाही, मग प्रस्तावात काहीही लिहिलेले असो.

हे सगळे कसे चालते ते पीक-विविधीकरणाच्या उदाहरणावरून सांगते, कारण माझे स्वतःचे काम त्याच विषयाच्या आसपासचे आहे. युरोप आपल्या पशुखाद्यासाठी दरवर्षी सोयाबीन आणि सोयापेंड मिळून सुमारे ३ कोटी टन माल मुख्यतः अमेरिका खंडांतून आणतो. स्वतःच्या जमिनीवर वाटाणा, बाकला, मसूर ही कडधान्ये वाढवावीत, त्यामुळे नत्रखत कमी लागेल आणि फेरपालट सुधारेल, हे शेतीशास्त्रात कुणी नाकारत नाही. तरीही क्षेत्र वाढत नाही. या कोड्यावर होरायझन २०२० मध्ये अनेक प्रकल्प झाले. त्यांपैकी ‘डायव्हरइम्पॅक्ट्स’ हा २०१७ ते २०२२ या काळातील प्रकल्प फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या समन्वयाखाली चालला आणि त्यात ११ देशांतील ३४ भागीदार, १० प्रक्षेत्र प्रयोग आणि २५ प्रत्यक्ष उदाहरणांचा अभ्यास होता. नवख्याने अशा पूर्ण झालेल्या प्रकल्पाची कागदपत्रे आयोगाच्या ‘कॉर्डिस’ या संग्रहातून काढून वाचावीत. शोधनिबंधांत न सापडणाऱ्या अनेक गोष्टी तिथे उघड्या पडलेल्या असतात.

गहू आणि वाटाणा एकत्र पेरला, तर गव्हाचा आधार मिळून वाटाणा लोळत नाही आणि गव्हाच्या दाण्यातील प्रथिने बहुधा वाढतात. ज्वारी-तुरीचे आंतरपीक पाहत वाढलेल्या माणसाला यात आश्चर्य वाटत नाही. अडचण सुरू होते ती मळणीनंतर. दोन्ही दाणे मिसळून आले की सहकारी संस्थेला ते वेगळे करावे लागतात, त्यासाठी वेगळी चाळणी, वेगळा साठा आणि वेगळा वेळ लागतो, आणि माल थोडा असला तर हा खर्च कुणालाच परवडत नाही. वाटाणा गोल व मोठा असल्यामुळे तो गव्हापासून तुलनेने सहज निघतो. मसूर आणि गहू यांची गोष्ट निराळी आहे: गव्हाचे तुटलेले दाणे मसुराच्या आकाराचे होतात, चाळणीतून सुटतात, आणि ज्या ग्राहकाला ग्लुटेनमुक्त, म्हणजे गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन नसलेले, अन्न हवे त्याच्यासाठी तो माल बाद ठरतो, कारण युरोपात ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या अन्नात ग्लुटेन प्रति किलो २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. म्हणजे शेतातला निर्णय पॅकिंगच्या टेबलावर ठरतो. दक्षिण जर्मनीतील श्वेबिश आल्ब भागात मसूर पुन्हा रुजली ती आधारपिकासोबतच, पण तिथे शेतकऱ्यांनी सफाईची आणि विक्रीची सोयही एकत्र येऊन उभी केली. वाटाण्याला आणखी एक मर्यादा आहे: मूळकूज आणणारा अफॅनोमायसिस हा बुरशीसदृश रोगकारक जीव जमिनीत वर्षानुवर्षे टिकतो, त्यामुळे तेच पीक त्याच शेतात लवकर परत घेता येत नाही. बियाणे कंपनी कमी क्षेत्रासाठी वाण काढत नाही, वाण नाही म्हणून उत्पादन बेभरवशाचे, म्हणून खरेदीदार करार करत नाही, आणि करार नाही म्हणून क्षेत्र वाढत नाही. हे चक्र एकट्या कृषिशास्त्रज्ञाला किंवा एकट्या अर्थशास्त्रज्ञाला फोडता येत नाही, म्हणूनच संयुक्त प्रकल्पाची गरज आहे, आणि म्हणूनच या कामात माझा जीव रमतो.

आता कराराकडे वळते. प्रकल्पाचे काम ‘वर्क पॅकेज’मध्ये विभागलेले असते, प्रत्येकात काही ‘टास्क’ असतात आणि ठराविक महिन्यात द्यायची फलिते, म्हणजे ‘डिलिव्हरेबल’, असतात. कोणती संस्था कोणत्या कामासाठी किती ‘पर्सन-मंथ’, म्हणजे एका माणसाच्या कामाचे महिने, देणार, याचा तक्ता असतो. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच आपल्या समन्वयकाकडून अनुदान-कराराचा कामाचे वर्णन असलेला भाग मागून घ्यावा आणि आपल्या पगाराचे महिने कोणत्या टास्कमधून मोजले जातात ते शोधावे. पुष्कळदा असे दिसते की पीएच.डी.चा विषय एका टास्कमध्ये आहे, तर महिने दोन-तीन वर्क पॅकेजांत पसरलेले आहेत. म्हणजे बैठका भरवणे, भाषांतरे तपासणे, अहवालाचा मसुदा लिहिणे हीही तुमचीच कामे आहेत. ही कामे कमी प्रतीची मानू नयेत. पण त्यांचा हिशेब लेखी ठेवावा आणि मार्गदर्शकाशी वर्षातून एकदा तरी त्यावर बोलावे.

काळाचे गणितही आधीच मांडावे. अर्जाच्या अंतिम तारखेपासून निकाल साधारण ५ महिन्यांत आणि करारावर सही ८ महिन्यांत होते. त्यानंतर पद जाहीर होऊन, मुलाखत आणि व्हिसा होऊन तुम्ही पोहोचता तेव्हा चार वर्षांच्या प्रकल्पातील बराच काळ सरलेला असतो. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. सहसा चार वर्षांची नोकरी असते, म्हणजे तुमचे शेवटचे वर्ष प्रकल्प संपल्यानंतरचे असू शकते. त्या वर्षाचा पगार कुठून येणार, हा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. शेतीचा हंगामही कुणासाठी थांबत नाही: शरद ऋतूतील पेरणी चुकली, तर त्या प्रयोगाचे एक वर्ष जाते. फेरपालटीचे परिणाम चार वर्षांत पुरते दिसत नाहीत, म्हणून आधीपासून चालू असलेल्या दीर्घकालीन प्रयोगांवर आपला प्रश्न बसवणे अधिक शहाणपणाचे असते.

अन्नसाखळीकडून माहिती मिळवणे हे शेतातून माहिती मिळवण्यापेक्षा अवघड आहे. मी काम केलेल्या एका प्रकल्पात किरकोळ विक्री करणाऱ्या एका भागीदाराने खरेदीचे दर देण्याचे तोंडी मान्य केले होते, पण वेळ आल्यावर कायदेविभागाने नकार दिला आणि संपूर्ण विश्लेषण घाऊक बाजाराच्या जाहीर दरांवर बसवावे लागले. गुप्ततेचा करार प्रकल्पाच्या सुरुवातीसच करून घ्यावा. अन्ननासाडीसारख्या विषयात तर मोजमापाची व्याख्याच निष्कर्ष बदलते. ‘फ्युजन्स’ या प्रकल्पाने २०१६ मध्ये तेव्हाच्या २८ देशांच्या युरोपीय संघासाठी वर्षाला ८.८ कोटी टन, म्हणजे माणशी १७३ किलो, असा अंदाज दिला, त्यामागे कोणता भाग नासाडी मानायचा याचा दीर्घ खल होता. शेतकऱ्यांच्या माहितीबाबत २०१८ मध्ये युरोपातील शेतकरी व उद्योग संघटनांनी मिळून एक आचारसंहिता स्वीकारली आहे. ती वाचावी, आणि संमतीपत्र शेतकऱ्याच्या भाषेत द्यावे.

भारतातून येणाऱ्यांसाठी वाटा कोणत्या, हे शेवटी सांगते. भारतीय संस्थांना या कार्यक्रमातून आपोआप निधी मिळत नाही. मात्र व्यक्ती म्हणून तुम्ही युरोपातील संस्थेत नोकरीला लागू शकता. पीएच.डी.साठी मेरी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टोरल नेटवर्क, म्हणजे युरोपीय संघाच्या निधीवर चालणारी संयुक्त पीएच.डी. योजना, ही उत्तम वाट आहे: राष्ट्रीयत्वाची अट नाही, फक्त अर्जदाराने नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य केलेले नसावे आणि त्याला आधीची डॉक्टरेट नसावी. पदव्युत्तर टप्प्यावर युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस योजनेचे, अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेले संयुक्त अभ्यासक्रम आहेत. त्यांत बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या समन्वयाखालील ग्रामीण विकासाचा अभ्यासक्रम शेतीच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा. रिकाम्या जागा ‘युरॅक्सेस’ या संशोधकांसाठीच्या युरोपीय संकेतस्थळावर मिळतात.

अर्जात आपल्याकडचा अनुभव लपवू नये. नाशिक-सांगलीकडच्या निर्यातक्षम द्राक्षबागेत ज्याने काम केले आहे, त्याला ‘ग्रेपनेट’ या निर्यात-द्राक्षांच्या नोंदणी व माग काढण्याच्या प्रणालीतील बागनोंदणी, काढणीपूर्वीची रसायनांच्या अंशांची तपासणी आणि रॉटरडॅम बंदरापर्यंतची शीतसाखळी ठाऊक असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात नाकारली गेली, तेव्हा एका नियमाचा भार साखळीतील कोणावर पडतो हे आपल्या शेतकऱ्यांनी सोसून पाहिले आहे. युरोपातील अन्नसाखळीच्या प्रकल्पांत अशी दृष्टी असलेले लोक फार कमी आहेत.

मुलाखतीत तुम्हालाही प्रश्न विचारण्याची संधी देतात. तेव्हा प्रकल्पाचा कितवा महिना चालू आहे, माझ्या नावावर कोणती डिलिव्हरेबल आहेत, प्रयोगाचे शेत कुणाचे आहे आणि त्या शेतकऱ्याशी करार झाला आहे का, एवढे तरी विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अडखळत आले, तर पहिला हंगाम तुम्हाला शेत शोधण्यातच घालवावा लागेल असे समजून आपल्या कामाचे वेळापत्रक आखावे.