नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना या चुका टाळा

‘डिस्क गेली’ असं ज्या लॅपटॉपबद्दल सांगितलं जातं, त्यातल्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क ठणठणीत असते. ती फक्त इन्स्टॉलरला, म्हणजे सिस्टीम बसवणाऱ्या प्रोग्रामला, दिसत नाही. तरीही लोक नवी डिस्क मागवून मोकळे होतात आणि ती बसवल्यावर तीही दिसत नाही!

कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, असतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) व्हीएमडी नावाच्या, डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरमागे असते. विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) नसला, तर डिस्क निवडायच्या जागी रिकामी यादी येते. त्याआधीच्या लॅपटॉपमध्ये हाच घोळ ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) किंवा ‘आरएसटी’ (इंटेल रॅपिड स्टोरेज) या नावाने असतो. डेलच्या बायोसमध्ये ‘रेड ऑन’ असं लिहिलेलं सापडेल. अशा मशीनवर उबुंटू या लिनक्सचा इन्स्टॉलर आरएसटी बंद करायला सांगून तिथेच थांबतो.

विंडोजच टाकायची असेल तर बायोसला हात लावू नका. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या. तो बहुधा एक्सई फाइल म्हणून येतो आणि तसाच पेनड्राइव्हवर टाकला तर इन्स्टॉलरला त्याचा काही उपयोग नाही. आधी तो उलगडून आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर बाहेर काढा, ते पेनड्राइव्हवर ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून दाखवा. डिस्क लगेच यादीत येते.

खरं नुकसान होतं ते विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकताना. प्रसंग ठरलेला असतो. कुठल्यातरी व्हिडिओत ‘रेड काढून एएचसीआय (डिस्क चालवण्याची साधी पद्धत) करा’ एवढंच सांगितलेलं असतं. लगेच बायोस उघडून बदल केला जातो. लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून अडते. आता घाबरून दुरुस्तीचे सगळे पर्याय दाबले जातात. मधेच बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, ती कुणी लिहून ठेवलेली नसते. शेवटी ‘फॉरमॅट मारू’ हा निर्णय होतो आणि वर्षांचे फोटो, हिशेब जातात. यातलं काहीही व्हायची गरज नव्हती. निळा पडदा दिसला की बायोसमध्ये जाऊन सेटिंग पूर्वीसारखं केलं असतं, तर विंडोज पुन्हा सुरू झाली असती.

हा बदल करायचाच असेल, तर क्रम असा ठेवा. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का पाहा. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेल्या लॅपटॉपवर ते बहुधा आपोआप चालू असतं. रिकव्हरी की त्या खात्यात सापडते, ती कागदावर उतरवा. मग विंडोजमधलं ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’, ‘मिनिमल’ निवडा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा आणि रेडचं एएचसीआय करा किंवा व्हीएमडी बंद करा. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होताना लागणारा ड्रायव्हर स्वतः उचलते. नंतर एमएसकॉन्फिगमधली खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन बऱ्याचदा चालत नाही, तेव्हा खात्याचा खरा पासवर्ड आधीच माहीत करून घ्या. दोन डिस्क जोडून खरंच रेड केलेली असेल, तर मात्र हे सेटिंग मुळीच बदलू नका. ती जोडणी तुटेल. एसरच्या काही लॅपटॉपमध्ये व्हीएमडीचा पर्याय लपलेला असतो. बायोसच्या ‘मेन’ टॅबमध्ये कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की तो दिसतो.

दुसरी चूक ड्रायव्हरची. मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कधी इंटेलचं, कधी रियलटेकचं, कधी मीडियाटेकचं वाय-फाय कार्ड निघतं. जुनी सिस्टीम पुसण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या ‘डिटेल्स’मधून ‘हार्डवेअर आयडी’ पाहा. त्यात ‘व्हेन’ या अक्षरांपुढचा आकडा कंपनी सांगतो: ८०८६ इंटेल, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १०डीई एनव्हिडिया. मी या पडद्याचा फोनवर फोटो काढतो आणि वाय-फायचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर आधीच ठेवतो. इन्स्टॉल झाल्यावर नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, या कोंडीतून हीच सवय वाचवते. ती मोडलीच, तर यूएसबी केबलने फोनचं नेट द्या, बहुतेक वेळा ते लगेच चालतं. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नका. चुकीचा चिपसेट ड्रायव्हर बसला तर तो शोधून काढण्यात अख्खा दिवस जातो.

विंडोज ११ साठी यूईएफआय (बायोसची नवी पद्धत), सिक्युअर बूटची सोय (सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी) आणि टीपीएम २.० (गुप्त चाव्या सांभाळणारा भाग) लागतं. टीपीएम बायोसमध्ये इंटेलकडे ‘पीटीटी’ आणि एएमडीकडे ‘एफटीपीएम’ या नावाने बसलेलं असतं, त्यामुळे वेगळी चिप विकत घेण्याआधी तिथे बघा. सीएसएम (जुन्या बायोस पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करायच्या आधी डिस्कची विभागणी नव्या जीपीटी पद्धतीची आहे ना, हे तपासा. जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोजमधलंच ‘एमबीआरटूजीपीटी’ वापरा, नाहीतर मशीन बूटच होणार नाही.

या अटींची तपासणी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवण्याची पळवाट मला पटत नाही. तिच्या २४एच२ आवृत्तीला पॉपसीएनटी ही सूचना (इन्स्ट्रक्शन) समजणारा प्रोसेसर लागतोच. इंटेलच्या जुन्या कोअर २ पिढीच्या मशीनवर ती बूट होत नाही आणि कोणत्याही युक्तीने होणार नाही.

लिनक्सचा पेनड्राइव्ह बूट होत नाही म्हणून सिक्युअर बूट सरसकट बंद करू नका. लेनोव्होच्या काही थिंकपॅडमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए’ हा, लिनक्सची सही मान्य करणारा, पर्याय बंद असतो. तेवढाच चालू करा.

सिक्युअर बूट चालू ठेवून लिनक्समध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर पुढच्या बूटला निळा ‘एमओके’ पडदा (ड्रायव्हरची सही मान्य करून घेणारा) येतो. तिथे ‘एनरोल’ निवडून, इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड टाका. घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की ड्रायव्हर लोड होत नाही आणि लोक कार्डाला दोष देतात.

दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवल्या असतील तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर लिनक्सला विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) फक्त वाचता येतं.

स्नॅपड्रॅगनचा (एआरएम पद्धतीच्या प्रोसेसरचा) लॅपटॉप घेताना जुना प्रिंटर आणि स्कॅनर आठवा. साधे प्रोग्राम इम्युलेशनवर (इंटेलसारख्या प्रोसेसरची नक्कल करून) चालतात, पण ड्रायव्हर एआरएम६४ साठीच बनवलेला लागतो. कंपनीने तो काढलेला नसेल, तर त्या लॅपटॉपवर तो स्कॅनर चालणार नाही.