पोस्टडॉक शोधताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाचं जॉब पोर्टल रोज उघडून बसणाऱ्यांनो, पोस्टडॉक (पीएचडीनंतर लॅबमध्ये काही वर्षं संशोधन करणारा) सहसा विद्यापीठ निवडत नाही, प्राध्यापक निवडतो. पैसा त्याच्या ग्रँटमधला, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या निधीतला, पसंती त्याची. एचआर नंतर कागद रंगवतं. स्टॅनफर्ड घ्या की कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दहा कॅम्पस, कित्येक जागांची जाहिरातच निघत नाही. तेव्हा थेट प्राध्यापकाला मेल करा.

आणि इथेच आपली मंडळी माती खातात. आमच्या लॅबला येणारे असे मेल बॉस मला दाखवतात. मागे एक आला होता. 'डिअर प्रोफेसर' काळ्या अक्षरांत, पुढचं आडनाव करड्या रंगात, फॉन्टही निराळा. खाली लिहिलेलं, तुमच्या झीब्राफिशवरच्या कामाने भारावून गेलो. आमच्या लॅबचं काम यीस्टवर! सीव्ही उघडला तर मुलगा हुशार, पेपर चांगले. पण बॉसनी पहिल्या ओळीलाच नाद सोडला होता. शंभर जणांना एकच मजकूर धाडला की हे असं होतं, आणि हल्ली तो मजकूरही एआयकडून लिहून घेतलेला. मी लॅबचे अलीकडचे दोन पेपर वाचल्याशिवाय मेल लिहायला घेत नाही. एनआयएच रिपोर्टरवर (एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची ग्रँटची यादी) त्या प्राध्यापकाची ग्रँट कधी संपतेय तेही बघते. पैसाच संपत आला असेल तर गोड उत्तराचा काय उपयोग? आठवड्याला दोन-तीन मेल झाले तरी पुष्कळ. एवढाही धीर नसेल तर पुढे प्रयोग कसे करणार?

दुसरी चूक व्हिसाची, आणि ती महागात पडते. एक मैत्रीण पीएचडी करताना चार महिन्यांसाठी एका अमेरिकन लॅबमध्ये आली होती. जे-१ व्हिसासाठी लागणाऱ्या डीएस-२०१९ या फॉर्मवर कॅटेगरी पडली 'रिसर्च स्कॉलर'. तिने बघितलंही नाही. वर्षभरात मनासारखी पोस्टडॉक मिळाली, तेव्हा कळलं की त्या कॅटेगरीतून परतल्यावर २४ महिने पुन्हा त्याच कॅटेगरीत येता येत नाही, मुक्काम कितीही छोटा असो. जे-१ ऐवजी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा करायची प्राध्यापकाची तयारी नव्हती. जागा गेली. सहा महिन्यांच्या आतलं काम असेल तर 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' मागा, त्याला हा नियम नाही. जे-१ संपल्यावर काही जणांना दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, ती अट वेगळी. ती अट ज्या देशांना लागते त्यांच्या 'स्किल्स लिस्ट'मधून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव निघालं, पण सरकारी पैशावर आलेल्यांना ती अट अजूनही लागू होते.

सीव्हीवरून फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती काढून टाका.

कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टडॉकची मर्यादा साधारण पाच वर्षं, त्यात आधी दुसरीकडे केलेलीही धरतात.

मेलमध्ये एनआयएचच्या 'एफ३२ फेलोशिपसाठी अर्ज करीन' असं ठोकून देऊ नका. ती अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळते.

आणि शिफारसपत्र मागितल्यावर सर 'तूच लिहून आण, मी सही करतो' म्हणाले, तर दुसरे सर गाठा. तिन्ही पत्रांत तुमच्याच कव्हर लेटरची वाक्यं दिसली की वाचणाऱ्याला लगेच कळतं.