ई-कॅडेरिन मागवताय? आधी कॅल्शियमचं बघा

सोलापुरात एमएस्सी किंवा पीएचडीसाठी रिकॉम्बिनंट (जनुकावरून लॅबमध्ये बनवलेलं) ह्यूमन ई-कॅडेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवणारं प्रोटीन, प्लेटवर लावून त्यावर पेशी चिकटतात का हे बघणार असाल, तर पहिली भीती पार्सलची वाटते. मे महिन्यात डबा उघडला की जेल पॅक वितळलेला असतोच. घाबरू नका. कोरडी पावडर बहुधा तेवढा प्रवास सोसते, डेटाशीट बघा आणि पुढे चला. व्हायल (छोटी बाटली) मात्र सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्याशिवाय उघडायची नाही. पावडर डोळ्यांना दिसतही नाही इतकी असते आणि झाकणाला चिकटलेली असते. विरघळवल्यावर छोटे अ‍ॅलिकॉट (वाटे) करून लगेच गोठवा. पुन्हा पुन्हा वितळवणं बंद.

आता खरी गोम. माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ईडीटीएने, म्हणजे कॅल्शियम पकडून काढून घेणाऱ्या रसायनाने. ई-कॅडेरिनचे पेशीबाहेर पाच भाग असतात, ईसी1 ते ईसी5. त्यांच्यातल्या चार सांध्यांत प्रत्येकी तीन कॅल्शियम आयन बसतात, म्हणून ते ताठ राहतं. कॅल्शियम काढा, प्रोटीन लुळं पडतं आणि ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) ते कापून टाकतं. कॅल्शियम असेल तर ट्रिप्सिनचं काही चालत नाही, हे जपानी शास्त्रज्ञ ताकेइचींनी 1977 मध्येच दाखवलं होतं. आणि आपण काय करतो? एमसीएफ-7 पेशी (स्तनाच्या कर्करोगाच्या, ई-कॅडेरिन असलेल्या) ट्रिप्सिन-ईडीटीएने डिशपासून सोडवतो, म्हणजे त्यांच्या अंगावरचं कॅडेरिन आधीच साफ! वर कॅल्शियम नसलेल्या पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट बफरने) धुतो, आणि पेशी चिकटल्या नाहीत की कंपनीला शिव्या. लॅबमधल्या ‘वॉश बफर’ एवढंच लिहिलेल्या बाटलीत ईडीटीए आहे का, हे विचारा. सिनियरला नको, ज्याने बफर बनवला त्याला. ट्रिप्सिन घ्या, पण ईडीटीएशिवाय आणि 2 मिलिमोलर कॅल्शियमसह. बफर हेपेस किंवा ट्रिसचा घ्या. फॉस्फेटमध्ये जास्त कॅल्शियम ओतलं तर साका बसतो.

ईडीटीए घातल्यावर पेशी सुटल्या म्हणून ‘कॅडेरिन सिद्ध झालं’ असंही लिहू नका. पेशींना पृष्ठभागाशी चिकटवणाऱ्या इंटिग्रिन या दुसऱ्या प्रोटीनलाही असे आयन लागतात. तुलनेसाठी शेजारी एमडीए-एमबी-231 पेशी ठेवा, त्यांत ई-कॅडेरिन नसतं. आणि प्लेटमधला एक वेल (खळगा) कॅडेरिनऐवजी नुसत्या बीएसए या साध्या प्रोटीनचा.

सिनियरच्या झेरॉक्स प्रोटोकॉलवर माझा विश्वास नाही.

स्वस्तात ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं मिळतंय म्हणून लगेच ऑर्डर देऊ नका. ईसी1 मधलं दुसरं अमायनो आम्ल ट्रिप्टोफॅन, ते समोरच्या कॅडेरिनच्या खाचेत शिरतं. त्याच्या पुढे, प्रोटीनच्या सुरुवातीला, टॅग (मुद्दाम जोडलेला तुकडा) किंवा जादा मेथिओनिन हे अमायनो आम्ल राहिलं की ही पकड बिघडते. एफसी किंवा हिस टॅग सी-टोकाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, असलेलं घ्या. चुकून दुसरंच घेतलं असेल तर वेस्टर्न ब्लॉटला (प्रोटीन ओळखायच्या चाचणीला) प्रमाण म्हणून चालेल, वाया जाणार नाही.

तोंडी परीक्षेत ‘सिग्नलिंग कुठे दिसलं?’ हा प्रश्न येतोच. विकत घेतलेला तुकडा कॅडेरिनचा फक्त पेशीबाहेरचा भाग असतो, त्याला पेशीच्या आत जाणारी शेपटी नसते. सिग्नलिंगमधलं बीटा-कॅटेनिन हे प्रोटीन बसतं ते पेशीच्या स्वतःच्या कॅडेरिनच्या आतल्या टोकाला, तेव्हा लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) पेशींचंच करा.