उन्हाळी मराठी वर्गांसाठी शिक्षकांची तयारी

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेतर्फे परभाषक विद्यार्थ्यांसाठी पुण्यात चालणाऱ्या उन्हाळी मराठी वर्गांसारख्या (नाव उन्हाळी, पण पुण्यात तेव्हा पावसाळाच असतो) सघन अभ्यासक्रमात बरीच भाषा काही आठवड्यांतच शिकवायची असल्याने, शिक्षकांची तयारी किमान आठवडाभर आधी सुरू करावी. मराठी मातृभाषा असणे पुरेसे नाही. किंबहुना कधी कधी तोच अडथळा ठरतो. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील पहिल्या ‘च’चे उच्चार वेगळे आहेत, ‘आपण’मध्ये ऐकणारा सामावतो आणि ‘आम्ही’तून वगळला जातो, ‘तिने आंबा खाल्ला’ पण ‘तिने पोळी खाल्ली’ असे क्रियापद कर्मानुसार बदलते, हे सारे शिक्षकाने आधी सोप्या मराठीत समजावून पाहावे. सामान्यरूपासाठी, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी नामात होणाऱ्या बदलासाठी (‘घोडा’, पण ‘घोड्याला’), स्वतंत्र सत्र ठेवावे. त्यानंतर प्रत्येकाने सहकाऱ्यांसमोर २० मिनिटांचा नमुना पाठ घ्यावा.

वर्ग सुरू झाल्यावर विद्यार्थ्यांच्या वारंवार होणाऱ्या चुका सर्व शिक्षकांनी एकाच वहीत नोंदवाव्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा शिक्षक तिथूनच पुढे जाऊ शकेल. संयोजकांनी वर्गनिरीक्षण जरूर करावे, मात्र गुण देऊ नयेत. एकाच शिक्षकावर सलग तीन तास टाकू नयेत; उत्साह टिकला तरी घसा बसतो.